डेस्कटॉपवरून इंटरनेट कॉल: सॉफ्टवेअर निवडण्यापासून स्वच्छ आवाजापर्यंत

५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं. तोवर घरच्या कॉम्प्युटरवरून परदेशातल्या मुलाशी बोलायचं म्हणजे स्काइप, हे इतकं पक्कं होतं की दुसरं काही निवडायची वेळच आली नव्हती. आता 'सगळ्यात चांगलं कोणतं?' असं विचारलं तर दुकानदार, भाचा आणि सोसायटीचा सेक्रेटरी तीन वेगळी नावं सांगतात. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण प्रत्येकाला वेगळ्या माणसाशी बोलायचं असतं. म्हणून आधी कॉल कुणाला, कोणत्या देशात आणि अ‍ॅपवर की साध्या नंबरवर, हे ठरवा. सॉफ्टवेअरची वैशिष्ट्यं त्यानंतर. आवाज तुटण्याची बहुतेक कारणं सॉफ्टवेअरमध्ये नसतातच, त्यामुळे या लेखाचा बराच भाग हेडफोन, वायर आणि राउटर यांनी घेतला आहे.

अ‍ॅपला कॉल की नंबरला?

दोन्हीकडे एकच अ‍ॅप असेल तर कॉल फुकट असतो, लागतो तो फक्त डेटा. घरगुती वापरात बहुतेकांना एवढंच हवं असतं.

कॉम्प्युटरवरून साध्या मोबाइल किंवा लँडलाइन नंबरवर फोन लावणं ही निराळी गोष्ट आहे. भारतातल्या नंबरवर असा कॉल परवानाधारक दूरसंचार कंपनीनेच द्यायचा असा नियम आहे. स्काइपनेसुद्धा भारतातून भारतातल्या नंबरवरचे कॉल १० नोव्हेंबर २०१४ पासून थांबवले होते. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना इंटरनेट टेलिफोनीची वाट मोकळी झाली, पण ती त्यांच्यापुरतीच. 'कुठल्याही भारतीय नंबरवर स्वस्तात कॉल' असं सांगणारं अनोळखी सॉफ्टवेअर दिसलं तर हात लावू नका. असे कॉल अनेकदा बेकायदा सिमबॉक्समधून (इंटरनेटवरचे कॉल ढीगभर सिमकार्डांतून साध्या नंबरवर वळवणारी पेटी) फिरवले जातात आणि समोरच्याला भलताच नंबर दिसतो.

डेस्कटॉपसमोर बसून भारतातल्या नंबरवर बोलायचं असेल तर विंडोजमधलं 'फोन लिंक' हा सोपा रस्ता. फोन ब्लूटूथने कॉम्प्युटरला जोडायचा. कॉल तुमच्याच सिमवरून जातो, म्हणजे प्लॅनमधले अमर्याद कॉल तिथे वापरले जातात. हा खरं तर इंटरनेट कॉल नाही, पण दिवसभर हेडफोन लावून ग्राहकांना फोन करणाऱ्याचं काम भागतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ नसतो, त्यासाठी छोटा यूएसबी डोंगल घ्यावा लागेल. फायबर कनेक्शनसोबत लँडलाइन मिळाली असेल तर राउटरच्या मागचं फोनचं सॉकेट एकदा बघा. साधा टेलिफोन तिथे जोडला की झालं.

परदेशातल्या लँडलाइनवर किंवा बँकेच्या नंबरवर बोलायचं असेल तर व्हायबर आउटसारखी पैसे भरून वापरायची सेवा आहे. मिनिटाचा दर देशाप्रमाणे बदलतो, म्हणून आधी दर बघा आणि सुरुवातीला कमीत कमी रक्कम भरा. यातल्या कशालाही आणीबाणीचा फोन समजू नका. ११२ साठी मोबाइल हाताशी हवाच.

समोरचा कुठे बसलाय?

हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग सॉफ्टवेअरला नावं ठेवतात. दुबई किंवा अबू धाबीत व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात, पण कॉल बंद केलेले आहेत. तिथल्या नातेवाइकांसाठी मायक्रोसॉफ्ट टीम्स, झूम किंवा गूगल मीट घ्या, किंवा ते आधीच वापरत असतील ते तिकडचं कॉलचं अ‍ॅप, बोटिम. व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशातून नेट वापरतोय असं दाखवणारी सोय) लावून बंदी चुकवणं तिकडे गुन्हा ठरू शकतं, तेव्हा तो सल्ला कुणाला देऊ नका. चीनमध्ये व्हॉट्सअ‍ॅप, सिग्नल आणि गूगलच्या सेवा चालत नाहीत, तिथे टीम्स वापरून बघा.

मुलगी अमेरिकेत, तिच्याकडे आयफोन आणि ती फेसटाइमशिवाय बोलायला तयार नाही? तिला फेसटाइममधून लिंक तयार करून पाठवायला सांगा. आयओएस १५ पासून ती सोय आहे. लिंक क्रोम किंवा एजमध्ये उघडायची, नाव लिहायचं आणि तिने आत घ्यायची वाट बघायची. तुमच्याकडे अ‍ॅपलचं काहीही नसलं तरी चालतं.

मग कोणतं घ्यावं?

नातेवाइकांशी रोजचं बोलणं असेल तर व्हॉट्सअ‍ॅप, कारण समोरच्याकडे ते आधीच असतं. ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. कॉलसाठी ब्राउझरमधल्या आवृत्तीवर विसंबू नका. एका कॉलमध्ये ३२ जण बसतात. कॉम्प्युटरवरचं व्हॉट्सअ‍ॅप फोनच्या खात्याला जोडलेलं असतं आणि फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडणी तुटते. त्यात २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅप्सना आदेश दिला: अ‍ॅप चालू सिमकार्डाशी बांधलेलं असावं आणि वेबवरचं लॉगिन जास्तीत जास्त सहा तासांनी संपावं. तेव्हा ठरलेल्या वेळेच्या कॉलसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर बसायचं असेल तर फोन शेजारी ठेवा आणि दहा मिनिटं आधी उघडून बघा. ऐन वेळी क्यूआर कोड समोर येऊ शकतो.

आजी-आजोबांसाठी गूगल मीट बरं. काही बसवावं लागत नाही. लिंकवर क्लिक केलं, माइक आणि कॅमेऱ्याला परवानगी दिली की झालं. दोघांचा कॉल २४ तासांपर्यंत चालतो, तीन किंवा जास्त जण असतील तर फुकटात ६० मिनिटं, कमाल १०० जण. दर रविवारी तीच लिंक वापरता येईल अशी बैठक गूगल कॅलेंडरमध्ये लावून ठेवा आणि लिंकचा शॉर्टकट डेस्कटॉपवर टाका.

झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत संपते, दोघंच असलात तरीही. सोसायटीच्या सभेला ४० मिनिटं पुरतील असं मानणाऱ्यांनी आपली मागची सभा आठवावी. पण गाणं, तबला, हार्मोनियम शिकवणाऱ्यांनी झूमच घ्यावं. बहुतेक सॉफ्टवेअर तानपुऱ्याचा सलग सूर हा पंख्याचा आवाज समजून कापून टाकतात. झूमच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय आहे. तो चालू करा, त्याखालचा 'हाय फिडेलिटी म्युझिक मोड' चालू करा आणि हेडफोन लावलेला असेल तर 'एको कॅन्सलेशन' बंद करा. बैठकीत गेल्यावर वरच्या बाजूला ओरिजिनल साउंडचं बटण पुन्हा दाबावं लागतं. बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. दोन्हीकडून एकाच वेळी तालात वाजवणं मात्र यावर होणार नाही, आवाज उशिरा पोचतोच. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकून उत्तर द्यायचं.

टीम्सची फुकट आवृत्ती स्काइपच्या जुन्या खात्याने उघडते. दोघांचा कॉल ३० तासांपर्यंत, गटाचा ६० मिनिटं. जुन्या मशिनवर मात्र ती जड पडते. सिग्नल खासगीपणासाठी उत्तम, पण समोरच्यालाही ते घ्यायला लावावं लागतं. जित्सी मीट मुक्त सॉफ्टवेअर आहे, ब्राउझरमध्ये चालतं. त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवर खोली उघडणाऱ्याला २०२३ पासून लॉगिन करावं लागतं, बाकीचे लिंकवरून येतात. झोहो या भारतीय कंपनीचं अरट्टै हे मेसेज आणि कॉलचं अ‍ॅप डेस्कटॉपवर आहे. तुमच्या गोतावळ्यातले लोक तिथे असतील तर घ्या.

आधी लाइन तपासा

जाहिरातीतल्या १०० किंवा ३०० एमबीपीएसवर जाऊ नका. साध्या आवाजाच्या कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण १०० केबीपीएस (म्हणजे ०.१ एमबीपीएस) पुरतात आणि झूमच्या ७२०पी व्हिडिओला १.२ एमबीपीएस. लाइन किती स्थिर आहे हे महत्त्वाचं. ते मोजायला पाच मिनिटं लागतात.

१. विंडोजची कळ आणि आर दाबा, सीएमडी लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडेल.

२. आधी राउटरला पिंग करा, म्हणजे छोटे संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजा. आज्ञा अशी (लिहायची अर्थातच रोमन अक्षरांत): पिंग, जागा, १९२.१६८.१.१, जागा, डॅश एन, जागा, १००. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो त्याच्या खालच्या स्टिकरवर असतो.

३. मग तीच आज्ञा ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्यावर द्या.

४. शेवटी 'लॉस्ट' किती आणि 'मॅक्सिमम' व 'अ‍ॅव्हरेज' यांत फरक किती ते बघा.

राउटरपर्यंतचे आकडे वायरवर १ मिलिसेकंदाच्या आसपास असतात. तिथेच ४०, ९०, २०० असे उड्या मारत असतील तर दोष तुमच्या घरातल्या वायफायचा आहे, केबलवाल्याला बोलावून उपयोग नाही. राउटरपर्यंत सगळं नीट आणि ८.८.८.८ ला गडबड, तर तक्रार त्याच्याकडे करा आणि हा पडदा फोटो काढून पाठवा. ठाणे-नवी मुंबईतल्या चांगल्या फायबरवर ८.८.८.८ साठी सरासरी साधारण ५ ते २० मिलिसेकंद येते. हरवलेली पाकिटं (म्हणजे 'लॉस्ट') एक टक्क्याच्या वर किंवा चढउतार ३० मिलिसेकंदांच्या वर गेला की शब्द तुटायला लागतात. अमेरिकेपर्यंत जाऊन यायला २०० ते ३०० मिलिसेकंद जातातच, तो बिघाड नाही. एका दिशेने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर बोलताना फारसा जाणवत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मानक सांगतं.

हीच चाचणी रात्री नऊ-दहाच्या सुमारास पुन्हा करा. ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या किंवा नवी मुंबईतल्या घणसोलीच्या टॉवरमध्ये तेव्हा प्रत्येक फ्लॅटचं वायफाय चालू असतं आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. डेस्कटॉप जागचा हलत नाही, मग त्याला वायफाय कशाला? राउटरपासून दहा-पंधरा मीटर कॅट ५ई केबल भिंतीच्या कडेने आणा. आवाजासाठी यापेक्षा स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. भाड्याच्या घरात खिळे मारायचे नसतील तर ५ गिगाहर्ट्झ वायफायचा यूएसबी डोंगल घ्या, पण तो टेबलाखालच्या मशिनच्या मागे खुपसू नका. एक मीटरची एक्स्टेन्शन लावून टेबलावर ठेवा.

हेडफोन आणि माइक

लॅपटॉपमधून डेस्कटॉपवर आलेल्यांची इथे फसगत होते. डेस्कटॉपला स्वतःचा माइकही नसतो आणि कॅमेराही नसतो. मोबाइलचा हेडफोन एकाच पिनेचा असतो, त्यावर तीन काळ्या रेघा, म्हणजे चार संपर्क. डेस्कटॉपला मात्र सहसा दोन वेगळी सॉकेट: हिरवं आवाजाचं, गुलाबी माइकचं. मोबाइलची पिन हिरव्यात घातली तर ऐकू येतं, पण तुमचा आवाज जात नाही. त्यासाठी एका पिनेचे दोन करणारा स्प्लिटर मिळतो. घेताना त्याच्या टोकांवर माइक आणि हेडफोनची चित्रं आहेत ना हे बघा. दोन हेडफोन जोडायचा स्प्लिटर दिसायला तसाच असतो आणि इथे कामाचा नाही.

याहून बरं म्हणजे वायरचा यूएसबी हेडसेट. त्याचं साउंड कार्ड त्याच्यातच असतं, त्यामुळे जुन्या मदरबोर्डची घरघर कॉलमध्ये येत नाही. ब्लूटूथ इअरबड गाण्यांना छान, पण विंडोजवर माइक चालू झाला की त्यांचा आवाज बहुधा टेलिफोनसारखा दबका होतो. नव्या विंडोज ११ आणि एलई ऑडिओ (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची नवी पद्धत) असलेल्या इअरबडवर हा प्रश्न सुटतो. दोन्ही तसे असतील तरच त्या वाटेला जा.

कॅमेऱ्याला ७२०पी पुरे. खिडकी पाठीमागे नको, समोर किंवा बाजूला हवी. कॅमेरा घ्यायचा नसेल तर विंडोज ११ मध्ये अँड्रॉइड फोन कॅमेरा म्हणून जोडता येतो.

बसवणं आणि सेटिंग

विंडोज १० चं अपडेट देणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं आहे. मशिन विंडोज ११ घेऊ शकत असेल तर आधी ते करा. सॉफ्टवेअर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. शोधात सगळ्यात वर दिसणारी 'जाहिरात' लिहिलेली लिंक टाळा, तिथे नकली फाइल मिळू शकते.

मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मायक्रोफोन या वाटेने जा. तिथे 'लेट डेस्कटॉप अ‍ॅप्स अ‍ॅक्सेस युअर मायक्रोफोन' चालू हवं, कॅमेऱ्याचंही तसंच. झूमला माइक सापडत नाही अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा इथे बघा. यानंतर सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड उघडून इनपुट आणि आउटपुट दोन्हीकडे हेडसेट निवडा आणि बोलून बघा, पट्टी हलली पाहिजे. सॉफ्टवेअरच्या आतही हीच निवड वेगळी असते. दोन्हीकडे एकच नाव असू द्या. नाहीतर तुमच्या कानाला हेडसेट, पण तुमचं बोलणं टिपतोय मॉनिटरवरच्या कॅमेऱ्याचा माइक, असं होतं.

जुन्या, ४ जीबी रॅमच्या मशिनवर पार्श्वभूमी धूसर करणं बंद ठेवा. त्याला प्रोसेसर फार लागतो. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. कॉल चालू असताना सीपीयू सतत ९० टक्क्यांवर असेल तर आवाज तुटण्याचं कारण नेट नाही.

खऱ्या कॉलआधी एक चाचणी कॉल करा. झूमच्या साइटवर चाचणी बैठकीचं पान आहे, मीट आत जाण्याआधी माइक आणि कॅमेरा दाखवतं. व्हॉट्सअ‍ॅपसाठी घरातल्याच दुसऱ्या नंबरवर फोन लावा आणि तो माणूस दुसऱ्या खोलीत बसवा.

काय बिघडतं आणि का

स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो, तेव्हा दोष तुमच्याकडे नसतो. समोरच्याच्या स्पीकरमधून निघालेला तुमचा आवाज त्याच्या माइकमध्ये शिरतोय. त्याला हेडफोन लावायला किंवा स्पीकर कमी करायला सांगा.

दर थोड्या वेळाने आवाज रोबोटसारखा होतो आणि एरवी पिंग तर नीट येतं? मग बहुधा तेवढ्या वेळापुरतं अपलोड भरलेलं असतं. वनड्राइव्हवर फोटो चढत असतात, नाहीतर सीसीटीव्ही क्लाउडवर चित्रीकरण पाठवत असतो. कॉलपुरतं ते थांबवा. कॉल सुरू झाला की यूट्यूबचा किंवा भजनाचा आवाज आपोआप खाली जात असेल तर जुन्या साउंड पॅनेलमधल्या 'कम्युनिकेशन्स' टॅबवर जाऊन 'डू नथिंग' निवडा. विंडोज मुळात बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करतं.

लाइट गेली की डेस्कटॉप जातो, तो वाचवायला ६०० व्हीएचा यूपीएस साध्या मशिनला कॉल आवरता घेण्याइतका वेळ देतो. पण राउटरही यूपीएसवर हवा, त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस मिळतो. तरीही नेट गेलं तर केबलवाल्याला विचारा की बिल्डिंगमधला त्याचा स्विच (फ्लॅटांना नेट वाटणारी पेटी) कुणाच्या विजेवर चालतो. स्विच गच्चीवर सोसायटीच्या विजेवर असेल तर घरातला यूपीएस काही करू शकत नाही. थेट घरापर्यंत फायबर असेल तर बिल्डिंगमध्ये विजेवर चालणारं काही लागतच नाही.

ठाण्याच्या वागळे इस्टेट किंवा नवी मुंबईच्या महापेतल्या छोट्या ऑफिससाठी

ऑफिसचा एकच नंबर चार टेबलांवर वाजायला हवा असेल तर परवानाधारक कंपनीकडून सिप जोडणी (इंटरनेटवरून फोन चालवायची पद्धत) घ्या आणि कॉम्प्युटरवर सॉफ्टफोन, म्हणजे फोनचं काम करणारं सॉफ्टवेअर, बसवा. विंडोजवर मायक्रोसिप अगदी हलकं आहे, मॅक किंवा लिनक्सही असेल तर लिनफोन किंवा झोइपर. कंपनीकडून चार गोष्टी मागून घ्या: सर्व्हरचं नाव, वापरकर्ता नाव, पासवर्ड आणि टीएलएस (जोडणीची माहिती सांकेतिक करून पाठवणं) चालतं का. साधं सिप ५०६० पोर्टवर असतं, टीएलएस ५०६१ वर. जी.७११ कोडेकला (आवाजाचं डेटात रूपांतर करायची पद्धत) एका कॉलला एका दिशेने सुमारे ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे तासाला दोन्ही मिळून साधारण ७८ एमबी. चार टेबलांसाठी कोणतंही फायबर पुरून उरतं.

इथला नेहमीचा आजार म्हणजे एकाच बाजूने आवाज, किंवा कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटणं. या ३२ ला कारण आहे. कॉल उचलल्याची पोच सर्व्हरला मिळाली नाही तर तो अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट थांबतो आणि कॉल सोडून देतो. पोच अडवणारा बहुतेक वेळा राउटरमधला 'सिप एएलजी' (सिपच्या कॉलमध्ये ढवळाढवळ करणारी राउटरची सोय) असतो. राउटरच्या पानावर जाऊन तो बंद करा, राउटर पुन्हा चालू करा, सॉफ्टफोनमध्ये माहिती पाठवायची पद्धत यूडीपीऐवजी टीसीपी किंवा टीएलएस निवडा, आणि स्टन व आइस (राउटरमागून आवाजाला वाट शोधून देणाऱ्या सोयी) चालू करा. तरीही जमलं नाही तर राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. स्थिर सार्वजनिक पत्ता मागा, व्यवसायाच्या जोडणीवर तो थोडे जास्त पैसे देऊन मिळतो.

अनोळखी कॉल

घरात ज्येष्ठ मंडळी असतील तर हे पहिल्याच दिवशी करा. फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी, कॉल्स इथे 'सायलेन्स अननोन कॉलर्स' चालू करा. 'डिजिटल अरेस्ट'च्या फसवणुकीत व्हिडिओ कॉलवर नकली पोलीस दिसतो. मे २०२४ मध्ये केंद्रीय गृहखात्याने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने असे एक हजाराहून अधिक स्काइप आयडी बंद केल्याचं सांगितलं होतं. कॉलवर कुणी स्क्रीन शेअर करायला किंवा एखादं रिमोट अ‍ॅप उतरवायला सांगितलं तर कॉल कापा, नेटची वायर काढा आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. तो फोन मोबाइलवरून करायचा, त्याच कॉम्प्युटरवरून नाही.